वत्सगुल्माचा वाकाटक हरिषेण : यश, उणिवा आणि साधनांचा प्रश्न

१. प्रास्ताविक

प्राचीन राजांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना इतिहासाभ्यासकास एका अडचणीस नेहमीच तोंड द्यावे लागते. राजाच्या पराक्रमाचे वर्णन करणारी साधने विपुल असतात; त्याच्या उणिवा सांगणारी साधने क्वचितच हाती लागतात. ताम्रपट हा दानाचा लेख, शिलालेख हा बहुधा कीर्तीचा लेख, आणि दोन्हींचा कर्ता राजाचा आश्रित. अशा लेखांत राजा इंद्रासारखा पराक्रमी, चंद्रासारखा कांतिमान व रामासारखा धर्मशील असतो. तो चुकला कोठे, हे लिहिणारा लेखक राजसभेत नसतो, आणि असला तर त्याचे लेखन दगडावर कोरले जात नाही.

वऱ्हाडच्या प्राचीन इतिहासात ही अडचण वाकाटक नृपती हरिषेण याच्या बाबतीत विशेष तीव्रतेने जाणवते. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, ही त्याची राजधानी. इ. स. १९९८ पर्यंत हे नगर अकोला जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील सत्तेचा प्रभाव माळव्यापासून आंध्रापर्यंत पोहोचला होता असे एक शिलालेख सूचित करतो. आणि त्यानंतर अल्पावधीतच ती सत्ता इतिहासातून नाहीशी होते. इतक्या उंचीवरून इतक्या वेगाने झालेले हे पतन कशामुळे घडले, आणि त्याची किती जबाबदारी हरिषेणाकडे जाते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. एक तुलना : शलमोन

या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी दूरच्या एका राजाचे उदाहरण उपयोगी पडेल. इस्राएलचा राजा शलमोन हा इ. स. पूर्वी दहाव्या शतकातला मानला जातो. जुन्या करारातील राजांच्या ग्रंथात त्याचे चरित्र आले आहे. त्याचे शहाणपण, यरुशलेममध्ये सात वर्षांत बांधलेले मंदिर, दूरदूरच्या राज्यांशी केलेला व्यापार, यांचे तेथे मुक्तकंठाने वर्णन आहे. परंतु तोच ग्रंथ पुढे सांगतो की, मंदिराला सात वर्षे लागली तर राजाच्या स्वतःच्या वाड्याला तेरा लागली. लाकूड आणण्यासाठी तीस हजार माणसे वेठीस धरली गेली. बारा विभागांनी पाळीपाळीने राजाच्या मुदपाकखान्याचा भार वाहिला. परदेशी राण्यांच्या नादाने वृद्ध राजाचे मन परक्या देवांकडे वळले. त्याच्या मृत्यूनंतर प्रजेने पुत्र रहबामाकडे ओझे हलके करण्याची विनंती केली. त्याने वृद्धांचा सल्ला डावलून तरुण सोबत्यांचे ऐकले व कठोर उत्तर दिले. परिणामी दहा वंश यराबामाच्या बाजूस गेले आणि राज्य दुभंगले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शलमोनाचा स्वतःचा एकही समकालीन शिलालेख उपलब्ध नाही. त्याच्या साम्राज्याच्या विस्ताराविषयी आजचे संशोधक साशंक आहेत. तथापि त्याच्या उणिवांची नोंद मात्र त्याच्याच लोकांच्या धर्मग्रंथात झाली, कारण त्या परंपरेत राजास दोष देण्याचा अधिकार संदेष्ट्यांनी आपल्याकडे राखून ठेवला होता. हरिषेणाची स्थिती नेमकी उलट आहे. त्याच्या काळचे लेख आपण आजही वाचू शकतो, त्याच्या मंत्र्याने खोदविलेल्या विहारात उभे राहू शकतो. पण त्यास कोणी दोष दिल्याचे एकही समकालीन वचन नाही. एका राजाचे टीकाकार उरले, दुसऱ्याचे भाट उरले. दुसऱ्याचा इतिहास लिहिताना म्हणून अधिक सावध राहावे लागते.

३. वत्सगुल्माची शाखा

वाकाटकांच्या पूर्वपीठिकेचा येथे संक्षेपानेच निर्देश करतो. चार अश्वमेध करणारा व सम्राट ही पदवी धारण करणारा प्रवरसेन पहिला याच्यानंतर राज्याची वाटणी झाली. पुराणे त्याच्या चार पुत्रांचा उल्लेख करतात. त्यांपैकी दोन शाखांचा इतिहास आज ज्ञात आहे. ज्येष्ठ शाखा नंदिवर्धन व पुढे प्रवरपूर येथून राज्य करीत होती. दुसरी सर्वसेनाने वत्सगुल्मास स्थापिली. या दुसऱ्या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व इ. स. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या वाशिम ताम्रपटामुळे निर्विवाद सिद्ध झाले. त्यापूर्वी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वंशावळीचे वाचन सदोष होते. ताम्रपटाच्या आधारे म. म. वा. वि. मिराशी यांनी ते दुरुस्त केले आणि सर्वसेनास त्याचे स्थान मिळाले.

हा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज नष्ट झाले असले तरी अलंकारशास्त्रज्ञांनी त्याचा वारंवार उल्लेख केला आहे. वत्सगुल्माची सांस्कृतिक कीर्ती एवढी होती की, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला; वैदर्भी रीतीस प्राकृतात मिळालेले ‘वच्छोमी’ हे नावही या नगरावरूनच पडले.

देवसेन हा हरिषेणाचा पिता. वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेख त्याच्या काळाचा असून त्यात शक ३८०, म्हणजे इ. स. ४५७-५८, हा स्पष्ट काल दिला आहे. देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव याने सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची ही नोंद होय. वाकाटकांचे इतर लेख केवळ राज्यवर्षे देतात. संवत्सराचा आकडा देणारा हा लेख त्यामुळे संपूर्ण कालगणनेचा आधारस्तंभ ठरला आहे. या वर्षी देवसेन राज्य करीत होता, तेव्हा हरिषेणाचे राज्यारोहण त्यानंतरचेच. मिराशींनी त्याचा काल सुमारे इ. स. ४७५ ते ५०० असा धरला. अजिंठ्याचे अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी तो सुमारे ४६० ते ४७७ असा मानला. प्रस्तुत विवेचनास दोहोंपैकी कोणताही काल बाधक नाही.

४. हरिषेणाचे यश

हरिषेणाच्या यशाचा प्रमुख पुरावा म्हणजे त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात कोरविलेला लेख. त्यात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आंध्र या देशांची नावे हरिषेणाच्या संदर्भात येतात. दुर्दैवाने या श्लोकातील क्रियापद ज्या ठिकाणी असावयास हवे तेथेच दगड झिजला आहे. त्याने हे देश जिंकले, त्यांच्याकडून खंडणी घेतली, की केवळ आपला प्रभाव तेथे पोहोचविला, हे त्यामुळे निश्चयाने सांगता येत नाही. एका लुप्त क्रियापदावर साम्राज्याची सीमा अवलंबून राहावी, हे या विषयाचे वैशिष्ट्यच म्हटले पाहिजे.

तरीही ही यादी निव्वळ अतिशयोक्ती समजून सोडून देता येत नाही. धुळे जिल्ह्यातील थाळनेर येथे हरिषेणाच्या तिसऱ्या राज्यवर्षाचा ताम्रपट सापडला आहे. म्हणजे तापीच्या खोऱ्यावर त्याची सत्ता आरंभापासूनच होती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याचा दाता असलेला मांडलिक राजा आपल्या लेखात हरिषेणाचा निर्देश राजांमधील चंद्र असा करून त्याच्या आधिपत्याखाली पृथ्वीचे पालन होत असल्याचे सांगतो. मांडलिकाने आपणहून दिलेली ही साक्ष मंत्र्याच्या स्तुतीपेक्षा अधिक मोलाची आहे.

अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी हे या कारकिर्दीचे सर्वांत मोठे वैभव होय. वराहदेवाच्या लेखात त्याच्या विहाराचे वर्णन आहे : खिडक्या, दारे, चित्रवीथी, अप्सरांच्या मूर्ती, आत बुद्धाचे चैत्यमंदिर, बाहेर मोठे जलाशय आणि नागराजाचे गृह. आजही सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांजवळ नागराजाचे शिल्प पाहावयास मिळते. या विहाराचे पुण्य वराहदेवाने आपल्या मातापित्यांना अर्पण केले आहे. येथे एक गोष्ट मात्र नोंदविणे अवश्य आहे. उपलब्ध लेखांत दाते म्हणून येतात ते मंत्री, मांडलिक आणि भिक्षू. पहिले लेणे हरिषेणाने खोदविले असे स्पिंक मानीत. परंतु तसा लेख त्यात नाही. तेव्हा या वैभवाचे श्रेय राजास द्यावयाचे ते त्याने निर्माण केलेल्या शांततेचे व संपन्नतेचे श्रेय म्हणून; प्रत्यक्ष निर्मात्याचे म्हणून नव्हे.

५. स्तुतीतून दिसणारी न्यूने

ज्या राजाचा टीकाकार उपलब्ध नाही त्याच्या उणिवा शोधण्याचा एक मार्ग म्हणजे स्तुतीच काळजीपूर्वक वाचणे. स्तुतिकार जेव्हा एखाद्या संकटातून राजाने राज्य सोडविल्याचे सांगतो, तेव्हा संकट आले होते हेही तो अभावितपणे सांगून जातो.

ज्येष्ठ शाखेचे उदाहरण पाहा. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळील चम्मक येथे प्रवरसेन दुसरा याच्या अठराव्या राज्यवर्षाचा प्रसिद्ध ताम्रपट सापडला. भोजकट राज्यात मधुनदीच्या तीरावरील चर्मांक हे गाव त्यात एक हजार ब्राह्मणांना दिले आहे. दान चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असे म्हणताना राजाने त्यास अटी जोडल्या आहेत : या ब्राह्मणांनी सप्तांग राज्याचा द्रोह करू नये, चोरी व व्यभिचार करू नये, राजास विषप्रयोग करू नये, युद्ध करू नये, अन्य गावांस उपद्रव देऊ नये, तसे केल्यास जमीन काढून घेणे हा राजाचा अपराध ठरणार नाही. धर्मदानाच्या पटात अशा अटी घालाव्या लागणे, हे त्या राज्यातील अंतर्गत अस्वस्थतेचे बोलके चिन्ह आहे. निदान राजाच्या मनात ती भीती होती एवढे निश्चित.

याच शाखेचा शेवटचा ज्ञात राजा पृथिवीषेण दुसरा याची स्तुती बुडालेल्या वंशाचा उद्धार करणारा अशी होते. बालाघाट ताम्रपटात तर वंश दोनदा बुडाल्याचा उल्लेख आहे. या स्तुतीचा अर्थ अमरावती जिल्ह्यातीलच रिद्धपूर येथे सापडलेल्या दुसऱ्या एका ताम्रपटाने उलगडतो. हा पट नलवंशीय भवदत्तवर्म्याचा असून तो नंदिवर्धन येथून दिलेला आहे. वाकाटकांच्या राजधानीतून शत्रू दानपत्रे देत होता, म्हणजे वंश खरोखरच बुडाला होता.

वत्सगुल्माच्या शाखेविषयी वराहदेवाचा लेखही अशीच माहिती अभावितपणे देतो. हरिषेणाच्या पूर्वजांपैकी एक जण आठव्या वर्षी गादीवर आला होता. पुढे देवसेनाने राज्याचा भार वराहदेवाचा पिता हस्तिभोज याच्यावर सोपविला व आपण निश्चिंत होऊन सुखोपभोगात मग्न झाला. मंत्र्याच्या पुत्रास आपल्या पित्याचा गौरव करावयाचा होता. पण त्या गौरवातून राजाची कर्तव्यविन्मुखता प्रकट झाली आहे. हरिषेणाच्या काळी मंत्रिपद याच घराण्यात राहिले. राज्यकारभार वंशपरंपरेने एका मंत्रिकुलाच्या हाती, आणि सीमांवरील देश मांडलिकांच्या हाती, अशी ही व्यवस्था होती. ती समर्थ राजाच्या कारकिर्दीत उत्तम चालते, कारण प्रत्येकाची निष्ठा त्या राजाशी असते. राजा गेल्यावर निष्ठा कोणाशी, हा प्रश्न अशा व्यवस्थेत अनुत्तरित राहतो.

६. दंडीची साक्ष

येथेच ‘दशकुमारचरिता’तील विश्रुतचरिताकडे वळावे लागते. दंडी हा हरिषेणानंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाला. त्याची कथा अशी : विदर्भात भोजवंशाचा भूषण असा पुण्यवर्मा नावाचा आदर्श राजा होऊन गेला. त्याचा पुत्र अनंतवर्मा कलांत निपुण, परंतु दंडनीतीची अवहेलना करणारा. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्यास राजनीतीकडे लक्ष देण्याचा उपदेश करतो. विहारभद्र नावाचा विनोदी दरबारी त्या उपदेशाची टर उडवितो. शास्त्राप्रमाणे वागणाऱ्या राजाच्या दिवसाचे प्रहर मोजून दाखवितो आणि अशा राजास सुखाने जेवावयास तरी सवड मिळते काय, असे विचारतो. मग शेजारच्या अश्मक देशाच्या मंत्र्याचा पुत्र चंद्रपालित, आपणास हाकलून दिल्याचे सोंग करून, विदर्भात येतो. मृगया, द्यूत, स्त्रिया व मद्य यांत गुणच गुण आहेत असे तो राजास पटवितो. राजाचे पाहून अधिकारी व प्रजा बिघडतात. नंतर अश्मकाधिपती वसंतभानू वनवासीच्या राजास विदर्भावर स्वारी करण्यास चिथावतो. मदतीस आलेल्या कुंतल, मुरल, ऋषीक, कोंकण व नासिक्य येथील मांडलिकांना तो आतून फोडतो. अनंतवर्मा मारला जातो, आणि पुढे त्या मांडलिकांतच कलह लावून वसंतभानू सर्व राज्य गिळंकृत करतो.

मिराशींनी या कथेत इतिहासाचा गाभा पाहिला व पुण्यवर्म्याच्या ठिकाणी हरिषेण कल्पिला. स्पिंक यांनी अजिंठ्यातील बांधकामाच्या क्रमाशी तिची सांगड घातली. काही विद्वानांस हे मान्य नाही. कथा ही कथा आहे, नावे कल्पित आहेत, आणि तिचा रचनाहेतू मनोरंजन व नीतिबोध हा आहे, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप वाजवी होय. केवळ दंडीच्या आधारावर हरिषेणाच्या पुत्राचे चरित्र लिहिणे योग्य ठरणार नाही.

परंतु स्वतंत्र साधनांशी ताडून पाहता कथेच्या तीन बाबींना आधार मिळतो. पहिली, अश्मकांची भूमिका. गोदावरीच्या खोऱ्यातील या देशाचा उल्लेख सतराव्या लेण्यातील लेखाच्या खंडित भागात दाता व त्याचा भाऊ यांच्या पराक्रमाच्या संदर्भात आला आहे. उलट सव्विसाव्या लेण्याचा दाता भिक्षू बुद्धभद्र आपण अश्मकाच्या भव्विराज या मंत्र्याचे मित्र असल्याचे अभिमानाने सांगतो. वाकाटक राजाचे नावही घेत नाही. एकाच दरीतील या दोन लेखांमध्ये सत्तेचे पारडे फिरल्याचे स्पष्ट दिसते. दुसरी बाब, हरिषेणानंतरच्या वत्सगुल्माच्या राजाचा एकही लेख नाही. तिसरी, अजिंठ्याची अनेक लेणी अपूर्ण आहेत. कोठे अर्धवट खोदलेले स्तंभ, तर कोठे नुसता खडबडीत कातळ. काम हळूहळू मंदावले नाही, तुटले. या तीन गोष्टी दंडीच्या पात्रांना ऐतिहासिक ठरवीत नाहीत. मात्र विदर्भाच्या पतनाची जी आठवण दक्षिणेत दोन शतके टिकून होती, ती निराधार नव्हती एवढे दर्शवितात.

७. राजाचा दोष कोणता?

रहबामाच्या कथेत व अनंतवर्म्याच्या कथेत विलक्षण साम्य आहे. वृद्धांचा सल्ला, तरुण सोबत्यांची संगत, आणि पित्याने जोडलेल्या राज्याचे विघटन, हे तीनही घटक दोहोंकडे आहेत. असे साम्य दिसले की सावध व्हावे. कारण नीतिकथेस हा साचा सर्वत्र प्रिय असतो. पित्याचे सर्व पुण्य आणि पुत्राचे सर्व पाप, अशी वाटणी कथाकारास सोयीची असते. इतिहासकारास ती पुरेशी नाही. शलमोनाच्या राज्याचे विघटन रहबामाच्या एका उत्तराने झाले नाही; वेठबिगारीचा असंतोष पित्याच्याच काळी साचला होता. यराबाम हा शलमोनाच्याच सेवेतील वेठबिगारांवरचा अधिकारी होता, हे त्या ग्रंथाने नमूद केले आहे.

हाच न्याय हरिषेणास लावला तर त्याचा दोष दुर्वर्तनाचा ठरत नाही. तसा कोणताही पुरावा नाही व कल्पनेने तो निर्माण करणे अन्यायाचे होईल. त्याची उणीव राज्यरचनेची होती. त्याने प्रदेश जोडले, पण ते वत्सगुल्माशी बांधून ठेवणारी यंत्रणा उभी केल्याचे दिसत नाही. जितकी नावे त्या श्लोकात अधिक, तितके सांभाळावयाचे मांडलिक अधिक. शिवाय मंत्रिकुलाच्या कर्तृत्वावर दोन पिढ्या राज्य विसंबले होते. अशा राजकुलात वाढलेल्या वारसास राज्यकारभाराचे शिक्षण मिळण्याची शक्यता कमीच. वऱ्हाडात पुढे कलचुरी कृष्णराजाची रौप्यनाणी प्रचारात आली. अमरावती जिल्ह्यातील धामोरी येथे ती मोठ्या संख्येने सापडली आहेत. आंध्रात विष्णुकुंडी वंशाने वाकाटक राजकन्येच्या रक्ताचा अभिमान आपल्या लेखात मिरविला. वाकाटकांचे नाव असे दुसऱ्यांच्या वंशावळीत भूषण म्हणून उरले.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सांगता येतील. हरिषेणाचे आधिपत्य विस्तीर्ण होते, तथापि त्याचे स्वरूप प्रत्यक्ष शासनापेक्षा प्रभावाचे असावे. त्याच्या काळातील कलावैभव मुख्यतः त्याच्या मंत्र्यांनी व मांडलिकांनी उभारले, आणि हे वैभव व राज्याची दुर्बलता या दोन्हींचे मूळ एकच होते : सधन, स्वयंप्रेरित पण सैलपणे जोडलेला सामंतवर्ग. त्याच्या पश्चात झालेला नाश केवळ पुत्राच्या व्यसनांवर ढकलणे हे दंडीच्या कथेस शोभते. इतिहासाने त्याचा काही भाग पित्याच्या खात्यावर मांडला पाहिजे.

वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकांपुढे यातून एक कर्तव्य उभे राहते. वाशिम परिसरातील टेकाडे, जुने तलाव, गावांची नावे यांचा पद्धतशीर शोध घेणे अगत्याचे आहे. स्वामिल्लदेवाच्या तलावाच्या लेखाने एका आकड्यानिशी सर्व कालगणना स्थिर केली. तसाच हरिषेणाच्या वारसाचा एखादा लेख हाती आला तर दंडीची कथा तपासून पाहता येईल, आणि ज्या राजास आजवर केवळ स्तुतिपाठकच लाभले त्याच्याविषयी निःपक्षपाती निर्णय देणे शक्य होईल.